वरचा मजला

टेलरकाकूंच्या घराचा वरचा मजला फौजेनं घेतला तो आठवड्यापुरता. निदान सुभेदार तसं म्हणाला होता. काकू शाळेच्या चड्ड्यांमध्ये इलॅस्टिक भरत बसल्या होत्या, आणि दुकानाच्या दारात एक उंच माणूस टोपी काखेत धरून उभा राहिला. मागं त्याचे शिपाई, प्रत्येकाच्या पाठीवर वळकटी. वळकट्या पाहूनच काकूंनी ओळखलं की हे विचारायला आलेले नाहीत, राहायला आलेत.

"बाई, पुलाकडे तोंड असलेलं हे एकच दुमजली घर आहे," सुभेदार म्हणाला. "वरच्या खोल्या आणि गच्ची लागेल आम्हाला. आठवडाभर. फार तर दोन आठवडे."

काकूंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या केंद्रात पंप चालवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना पंपवाले म्हणायची. पाळी संपवून ते नुकतेच घरी आले होते. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "वर आमचं सामान आहे."

"आमची पोरं आणून देतील खाली."

आणि खरंच दिलं त्यांनी. पलंग, कपाट, गाद्या, आरसा, सगळं जेवणवेळेच्या आत खाली आलं. खाली पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये जिन्याखाली सासूबाईंची खाट. तेवढ्यात आता सगळा संसार कोंबायचा होता. शिलाई मशीनला टेकून कपाट उभं राहिलं आणि गिऱ्हाईक आलं की काकूंना वाकून, अंग चोरून बाहेर यावं लागायला लागलं.

आठवडा गेला, महिना गेला, वर्षही गेलं. गच्चीवर वाळूची पोती रचली गेली, खिडक्यांना जाळी लागली. जिना घराच्या आतून होता, त्यामुळे फौजेची ये-जा काकूंच्या शेगडीला खेटून चालायची. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं सगळं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. खाटेवरून त्या प्रत्येकाला बजावायच्या, "पाय पुसून जा रे वर." काहीजण पुसायचेही. शेजारीपाजारी कोणी चौकशी केली की सासूबाई म्हणायच्या, "भाडं नाही, करार नाही, आणि आपण बाहेर निघालो की तेच विचारतात कुठं निघालात. असला भाडेकरू वैऱ्यालाही मिळू नये."

पण चौकशी करणारेच कमी होत गेले. कपडे शिवायला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या दारातला शिपाई उघडून बघायचा. मापं घेताना तो आत डोकवायचा. बायका पलीकडच्या बाजारातल्या टेलरकडे जायला लागल्या. नदीपलीकडच्या डोंगरांत जे बंदुका घेऊन राहत होते, त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे. 'डोंगरातले' म्हटलं की भागायचं. त्यांनी एकदा पंपवाल्यांना कामावरून येताना टाकीजवळच्या वळणावर गाठलं.

"फौजेला घर दिलंस."

"दिलं नाही. त्यांनी घेतलं."

"मग सोडून जा."

"कुठं जाऊ?"

एकानं एक ठेवून दिली आणि सोडलं. पंपवाल्यांनी हे जेवताना सांगितलं, जणू वाटेत कोणी ओळखीचं भेटलं होतं. "फौजेनं परवा या गालावर दिली होती, पास दाखवायला उशीर झाला म्हणून," ते म्हणाले. "आता दोन्ही गाल सारखे झाले." काकूंना हसू आलं आणि मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

समोर, रस्त्यापलीकडे बेकरी होती. बेकरीवाले नवरा-बायको आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. तो लहानपणापासून पिठातच वाढलेला. केस, भुवया, कान, सगळ्यावर कायम पांढुरकी भुकटी, म्हणून त्याचं नाव भुऱ्या पडलं. आता चांगला लग्नाच्या वयाचा झाला होता तरी नाव तेच. उजाडता उजाडता तो सायकलला पावांची पेटी बांधून पूल ओलांडायचा, पलीकडच्या वस्तीत पाव देऊन यायचा, आणि परतताना काकूंच्या ओट्यावर एक लादी ठेवून हाक मारायचा, "काकू, पाव."

एका सकाळी तो पूल ओलांडून गेला आणि थोड्या वेळानं पुलावर फौजेची गाडी उडाली. आवाजानं दुकानाची काच तडकली. गाडीतले दोघे गेले. त्यांतला एक वरच्या मजल्यावरचा होता. कोवळं पोरगं, बटणं तुटली की खाली यायचं, "मावशी, टाका मारून देता का" म्हणायचं आणि बटण लावून होईपर्यंत आपल्या बहिणीच्या गोष्टी सांगायचं. काकू त्याच्यासाठी खरंच रडल्या. त्याची वळकटी खाली आणली तेव्हा सासूबाईसुद्धा गप्प होत्या.

दुपारपर्यंत फौजेनं गल्ल्या पालथ्या घातल्या. स्फोटाआधी पुलावरून कोण गेलं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भुऱ्या रोजच जायचा. त्याला भट्टीसमोरून उचललं आणि रस्ता ओलांडून काकूंच्या घरात आणलं. शेगडीपाशी काकू उभ्या होत्या. त्याचे हात मागं बांधलेले, अंगात पिठानं भरलेला बनियन. जिन्यापाशी आल्यावर त्यानं मान वळवली आणि रोज म्हणायचा तसंच म्हणाला, "काकू." एवढ्यात मागच्यानं त्याला पुढं ढकललं.

मग वर रेडिओ लागला. एवढा मोठा, की दुकानात बोललेलं ऐकू येईना. काकू मशीनवर बसल्या. पायडल हाणत राहिल्या, कापड कुठलं होतं ते त्यांना नंतरही आठवलं नाही. पंपवाले स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले. वरून छताचे पोपडे सुटून सासूबाईंच्या पांघरुणावर पडत होते.

"वर काय पाडतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही तर हे पोपडे कशाचे?"

काकूंनी पांघरूण झटकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिपायानं जिन्यातून हाक मारली, "मावशी, बादली आणि फडकं घेऊन या जरा."

काकू वर गेल्या. घर घेतल्यापासून त्या पहिल्यांदाच आपल्या झोपायच्या खोलीत पाय ठेवत होत्या. पलंगाच्या जागी लोखंडी टेबल होतं. भुऱ्या खिडकीच्या गजाला बांधलेला, अर्धा बसलेला, अर्धा लोंबकळलेला. एक डोळा पार मिटलेला. तळपाय सुजून पायांचा आकारच गेला होता. फरशीवर रक्त होतं, लघवी होती. शिपायानं काकूंकडे पाहिलं, मग पाठ फिरवून दारात जाऊन सिगारेट पेटवली. मुद्दाम गेला की सहज, हे काकूंना कधीच कळलं नाही.

"काकू, पाणी."

टेबलावर तांब्या होता. काकूंनी तो त्याच्या ओठांना लावला. निम्मं पाणी छातीवर सांडलं.

"आईला सांगा. मी इथंय म्हणून."

काकूंनी मान हलवली आणि फरशी पुसायला घेतली. पाणी लाल झालं तसं खाली जाऊन बदललं, पुन्हा वर येऊन पुसलं. कोपरे पुसले. हात आपोआप कोपऱ्यांकडे जात होता, कारण खोली त्यांचीच होती. सगळं झाल्यावर त्यांनी खाली मोरीत हात धुतले, पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडून बेकरीत गेल्या.

बेकरीवाली गल्ल्याशी उभी होती. रात्रभर बाई जागी होती हे तिच्या तोंडावरून कोणीही सांगितलं असतं.

"पाव द्या," काकू म्हणाल्या. समोरून, काकूंच्या दारातला शिपाई इकडेच बघत होता. पिशवी पुढं करताना त्या आणखी हळू म्हणाल्या, "वर आहे. जिवंत आहे. पाणी प्यायला आत्ता."

बेकरीवालीनं पाव पिशवीत ठेवले. मग अंगावरचा एप्रन सोडून बरणीवर टाकला आणि दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडला. सुभेदार दारातच भेटला.

"माझा मुलगा वर आहे."

"इथं कोणी नाही, बाई. चुकीची माहिती आहे तुम्हाला."

तिनं वर तोंड करून हाक मारली, "भुऱ्या!" रेडिओचा आवाज वाढला. तिनं पुन्हा हाक मारली नाही. काकूंच्या दुकानाच्या पायरीवर बसली ती संचारबंदीचा भोंगा होईपर्यंत बसून राहिली. मग तिचा नवरा येऊन तिला धरून घेऊन गेला.

उजाडल्यावर एक ताडपत्रीचा ट्रक उलटा येऊन दाराला लागला. काकू, पंपवाले आणि सासूबाई, तिघांना स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सासूबाईंना उभं राहवत नव्हतं, त्यांना काकूंनी काखेत धरलं. जिन्यावरून काहीतरी जड, पायरीपायरीला आपटत खाली आलं. ट्रक गेला. त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

पुढचे कित्येक आठवडे बेकरीवाले छावण्या हिंडत होते. या छावणीतून त्या छावणीत, तिथून पोलीस ठाण्यात, तिथून पुन्हा छावणीत. सगळीकडे एकच जबाब, असा कोणी माणूस आम्ही धरलेलाच नाही. शेवटी शहरातल्या एका वकीलबाईंनी मोठ्या कोर्टात अर्ज घातला. फौजेनं तिथंही तेच लिहून दिलं, की या माणसाला कधी अटक झाली नाही, आणि सदर घराचा वापर फक्त टेहळणीसाठी होतो.

वकीलबाई काकूंकडे उसवलेला कोट घेऊन आल्या. शिपायानं कोटाचे खिसे तपासले. काकूंनी अस्तर तपासल्यासारखं केलं.

"डोळ्यांनी पाहिलेलं कोणीतरी कोर्टात उभं राहायला हवं," वकीलबाई म्हणाल्या. "नाहीतर अर्ज निकाली निघेल. बेकरीवाल्या तुमच्याकडे येणार नाही म्हणाल्या. म्हणून मी आले."

"का येणार नाही म्हणाली?"

"म्हणाल्या, त्यांनी येऊन सांगितलं तेवढंच खूप झालं. आता आणखी कुठल्या तोंडानं मागू?"

तिनं येऊन पाय धरले असते तर काकूंना नाही म्हणणं कदाचित जमलं असतं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. वर बुटांचे आवाज चालू होते, म्हणून दोघं कुजबुजत होते.

"त्यांच्या खाली राहून त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची?" पंपवाले म्हणाले.

"घर आपलं आहे."

"घर आपलं, पण जिना त्यांचा आहे. तू गेलीस म्हणून भुऱ्या परत येईल?"

"नाही माहीत."

"मग कशाला?"

"अहो, मी पुसलंय ते. माझ्या हातांनी. आता ते म्हणतात तिथं कोणी नव्हतंच. मग मी पुसलं काय?"

पंपवाले म्हणाले, "एक लक्षात ठेव. तू साक्ष दिलीस तर ते तुला हात लावणार नाहीत. मला उचलतील."

हे खरं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "काय चाललंय ते माझ्या कानात कोणीतरी सांगा." काकूंनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग कूस बदलत म्हणाल्या, "दोघंही बरोबर आहात. त्याचा काही उपयोग नाही म्हणा."

वकीलबाई आल्या-गेल्याची खबर सुभेदाराला लागलीच होती. तो एक पँट घेऊन खाली आला, म्हणाला तळाशी जरा आखूड करायची आहे. काकू खाली बसून पायाशी टाचण्या लावत होत्या तेव्हा तो वरून बोलत होता, अगदी घरच्यासारखा.

"कोर्टाचे फेरे वाईट, बाई. माणसाचं कामधाम बुडतं. तुमचे मिस्टर पंपावर एकटेच असतात ना दुपारी?"

"हो," काकू म्हणाल्या. "दुसरा ऑपरेटर गाव सोडून गेला." त्यांनी टाचणी नीट बसवली, पँट शिवून, इस्त्री करून दिली. आणि त्यांच्या मनात जे डळमळत होतं ते त्या पँटीच्या दुमडीबरोबरच कुठंतरी पक्कं होऊन गेलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. भीती कमी झाली नव्हती. उलट वाढली होती.

तारखेच्या दिवशी त्या चपला घालत असताना पंपवाले कामावर निघायच्या तयारीत होते.

"मी जातेय," काकू म्हणाल्या.

"ओळखपत्र घेतलंस?" एवढंच ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

कोर्टात काकूंना दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आत बोलावल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते म्हणजे न्यायाधीशांच्या डगल्याची एक बाही दुसरीपेक्षा आखूड आहे. मग बेकरीवाली दिसली. तिनं काकूंकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

काकूंनी सगळं सांगितलं. जिन्यातून नेताना पाहिलं ते, बादली, तांब्या, फरशी. सरकारी वकील उठला.

"चेहरा ओळखू येत नव्हता म्हणता, मग हा तोच मुलगा हे कशावरून?"

"चेहरा सुजला होता म्हटलं मी. ओळखू येत होता. आणि मला काकू म्हणाला."

"काकू तर तुम्हाला सगळं गावच म्हणत असेल."

"म्हणतं. पण सगळं गाव रोज माझ्या ओट्यावर पाव आणून ठेवत नाही."

मागं कोणीतरी हसलं. वकिलानं कागद खालीवर केले. "फौजेनं तुमचं घर घेतलं, याचा राग आहे तुम्हाला?"

"आहे."

"म्हणजे रागापोटी ही साक्ष देताय तुम्ही?"

काकूंनी थोडा विचार केला. "राग तर वर्षभर आहे, साहेब. रागापोटीच यायचं असतं तर कधीच आले असते."

न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, साक्ष देताना कुणाची भीती वाटते का?"

"वाटते. इथून मी घरीच जाणार, आणि हे लोक माझ्या घरातच आहेत."

न्यायाधीशांनी हुकूम दिला, की मुलाला कोर्टापुढं हजर करावं, आणि या बाईच्या आणि तिच्या कुटुंबाच्या केसालाही धक्का लागू नये.

त्याच आठवड्यात पंपवाल्यांना उचललं, भर दुपारी, पंप चालू असताना. पंप बंद करायला कोणी नव्हतं, त्यामुळे टाकी भरून वाहायला लागली, पाणी उतारानं बाजारात आलं, भाजीच्या टोपल्या तरंगायला लागल्या, आणि त्यावरूनच गावाला कळलं की पंपवाल्यांना नेलं. एक हातगाडीवाला धावत काकूंकडे आला. काकूंनी वकीलबाईंना फोन केला आणि स्वतः छावणीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी हाकललं नाही आणि कोणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंपवाले चालत घरी आले. उजवा हात शर्टात गुंडाळलेला. शर्ट सोडला तेव्हा चार बोटं वांग्यासारखी झालेली. दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. काकू रडायला लागल्या तसे ते म्हणाले, "पंप कोणी बंद केला मग?"

"हातगाडीवाल्यानं. मेन स्विच पाडला म्हणे."

"बरं केलं," ते म्हणाले, आणि त्यानंतर काकूंशी बोलायचेच थांबले. भांडले नाहीत, टाकून बोलले नाहीत, काही नाही. जे बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत. "आई, हिला सांग, शर्टाची बटणं लावून दे." सासूबाईंना ते ऐकू जायचं नाही, मग ते ओरडून सांगायचे, आणि काकू समोरच उभ्या असायच्या. छावणीत काय झालं, कुठं ठेवलं, आणखी कोण होतं, ते आईलाही त्यांनी सांगितलं नाही. व्हॉल्व्ह फिरवायला हात चालेना, म्हणून केंद्रानं त्यांना घरी बसवलं. ते जिन्याखाली आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहायचे.

मधल्या काळात फौजेचा जबाब बदलला. दूरच्या एका छावणीत एक इसम आढळला असून त्यानं स्वतःचं नाव चुकीचं सांगितल्यानं घोळ झाला, असं त्यांनी कळवलं. ओळख पटवायला काकूंना पुन्हा कोर्टात बोलावलं. दोघांनी धरून भुऱ्याला आत आणलं. डोकं भादरलेलं, गाल बसलेले. पायांच्या कडांवर तोल सांभाळत चालत होता. त्याच्या आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मुलगा अजून मागून यायचा असल्यासारखं. काकूंनी तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "हाच." मग ती जागची उठली.

न्यायाधीशांनी भुऱ्याला विचारलं, मारहाण कोणी केली. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, प्रश्न पुन्हा विचारावा लागला. तो म्हणाला, "पडलो." तेवढंच. त्याला घरी न्यायची परवानगी मिळाली. कोणी धरलं, कुठं ठेवलं याची चौकशी व्हावी असंही हुकमात होतं. ती चौकशी कुठं अडकली ते कोणालाच कळलं नाही. सुभेदाराची बदली झाली, चांगल्या जागी झाली असं म्हणतात. काही दिवसांनी वरची तुकडीही हलली, शाळेच्या इमारतीत गेली. एका दुपारी वळकट्या खाली आल्या, वायरी गुंडाळल्या गेल्या. वाळूची पोती तेवढी गच्चीवर तशीच सोडून गेले.

बेकरी त्याच सुमारास बंद झाली. निघायच्या आदल्या दिवशी बेकरीवाली काकूंकडे आली, दुकानात बसली.

"माझ्या भावाकडे जातोय, ताई. इथं गाडीचा आवाज आला तरी तो भट्टीमागं जाऊन बसतो."

"बरं करताय."

"सगळे म्हणतात तुमच्यामुळे परत आला. मला बोलता येत नाही काही." ती पंपवाल्यांकडे बघत होती. ते हात मांडीवर ठेवून बसले होते, बोटं वाकडीच जुळलेली. "भाऊ, तुमच्याकडे तर बघवतही नाही मला."

पंपवाले म्हणाले, "पोराच्या कानाचं बघा. तिकडं डॉक्टर चांगले असतील." बऱ्याच दिवसांत घराबाहेरच्या माणसाशी ते पहिल्यांदाच एवढं बोलले होते.

घर आता रिकामं झालं होतं, पण पलंग काही वर गेला नाही. काकूंनी एकदा वर जाऊन खिडक्या उघडल्या, केर काढला आणि दार ओढून घेतलं. गिऱ्हाईकं हळूहळू परत यायला लागली. आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या बायका यायला लागल्या.

पहिली आली ती नदीपलीकडून. काकूंना वाटलं कपडे शिवायला आली असेल. तिनं पिशवीतून फोटो काढला. "तुमच्या माडीवर एक मुलगा होता आणि तुम्ही ते कोर्टात सांगितलंत, असं ऐकलं. हा माझा नवरा. हा होता का वर?"

काकूंनी फोटो उजेडात धरून पाहिला. "नाही हो. मी एकालाच पाहिलं."

"नीट बघा."

काकूंनी पुन्हा पाहिलं. "नाही." बाईनं फोटो पुसून पिशवीत ठेवला, आभार मानले आणि गेली. मग आणखी एक आली. मग दोघी मिळून आल्या. कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, एकीचा बाप, म्हातारा, मासे धरणारा. काकू प्रत्येक फोटो उजेडात धरायच्या आणि प्रत्येकीला नाही म्हणायच्या. खोटा धीर देणं त्यांना जमलं नाही. बायका पाणी पिऊन जायच्या, काही थोडा वेळ बसायच्या. पंपवाले जिन्याखालून सगळं ऐकायचे आणि मान फिरवून बसायचे.

असंच एकदा एक मध्यमवयाची बाई आली. ती फोटो काकूंच्या हातात देत होती आणि काकू चष्मा शोधत होत्या. कपाटाच्या अडगळीतून वाट काढताना फोटो हातातून सुटून खाली पडला, स्टुलापाशी. पंपवाल्यांनी तो डाव्या हातानं उचलला. द्यायला म्हणून पुढं केला आणि मध्येच थांबले.

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ. मोटारींना रंग देतो. गाडी सोडवायला म्हणून गेला होता ठाण्यात."

"दात पुढचा तुटलाय याचा?"

बाईनं हळूच मान हलवली. "लहानपणी. झोक्यावरून पडला होता."

पंपवाले उठले. दुकानात आले, कपाटाला खेटून असलेली खुर्ची एका हातानं ओढून बाहेर काढली आणि तिच्यापुढं ठेवली. "बसा."

ती बसली. काकू चष्मा हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"छावणीच्या मागं पत्र्याची शेड आहे," पंपवाले सांगायला लागले. "मला तिथं ठेवलं होतं. हा माझ्या शेजारी होता. तेव्हा जिवंत होता. माझा हात बघून त्यानं आपला शर्ट फाडायला घेतला होता, बांधायला. मी म्हटलं राहू दे, माझाच शर्ट आहे." ते थांबले, फोटोकडे पाहिलं. "पुढचं मला माहीत नाही. मला सोडलं तेव्हा तो तिथंच होता. एवढं मी सांगू शकतो."

"कोर्टात?" बाईनं विचारलं.

पंपवाल्यांनी काकूंकडे पाहिलं. किती दिवसांनी, ते काकूंनाही मोजता आलं नसतं.

"अगं, त्या वकीलबाईंचा नंबर कुठं ठेवलास?" ते म्हणाले. "आणि यांना आधी पाणी दे."